भैयाजी अविश्वासू यादीत

मे महिन्यात आमच्या गोंदियात दोन गोष्टींपासून सुटका नाही, ऊन आणि लग्नपत्रिका. ऊन निदान संध्याकाळी मावळतं. पत्रिका चोवीस तास येत राहतात, आणि हल्ली मोबाईलवर येत असल्यामुळे घरी कुलूप लावून निघून गेलं तरी मागोमाग येतात. मी हायस्कुलात गणिताचा मास्तर. ज्यांना मी पाढे शिकवले त्यांच्या मुलामुलींची आता लग्नं आहेत आणि त्या सगळ्यांकडे माझा नंबर आहे. ज्यांना मी नापास केलं तेसुद्धा आठवणीने बोलावतात, बहुधा जेवण पाहून मला पश्चात्ताप व्हावा म्हणून.

गेल्या वर्षी आमगावच्या एका लग्नाला आम्ही उभयता नटूनथटून पोचलो तेव्हा मंडपवाले बांबू सोडत होते. लग्न आदल्या दिवशी झालं होतं. परतताना वच्छला, म्हणजे माझी पत्नी, घराजवळचं कुडवा येईपर्यंत साडीवरची धूळ झटकत राहिली. घरात पाय ठेवल्यावर म्हणाली, "शंभर पोराइले गणित शिकवता. एक तारीख नाई ध्यानात राहत तुमच्या?"

कॅलेंडरवर गोल करा, हा तिचा उपाय होता. पण मी काळाबरोबर चालणारा माणूस. इंटरनेटवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक फुकटचा मदतनीस मिळतो, असं मला एका व्हिडिओत दिसलं. आपल्या संगणकावर बसवायचा, व्हॉट्सॲपला जोडायचा, की तो आलेले निरोप वाचतो, तारखा टिपून ठेवतो आणि आपल्या वतीने उत्तरंही देतो. त्याचं मूळ नाव इंग्रजीत होतं आणि उच्चारताना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं, म्हणून आम्ही त्याला मुनीम म्हणू लागलो. राइस मिलांच्या गावात विश्वासाच्या माणसाला दुसरं काय म्हणणार. हॉलमधल्या जुन्या संगणकावर, वच्छलाने विणलेल्या रुमालाखाली, मुनीम कामावर रुजू झाला.

आमच्या गल्लीत कोणी नवी बादली आणली तरी दोन माणसं ती पाहायला येतात. एक धर्मेंद्र, ज्याचं कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुसरे शालीकरामजी, जे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले पण खात्याला अजून ते पटलेलं नाही असं समजून वागतात.

"हे ओपन सोर्स आहे," मी दोघांना समजावलं. "म्हणजे याची आतली सगळी रचना जगाला उघडी. कोणीही पाहावी, कोणीही दुरुस्त करावी."

"मतलब सर, घर का नक्शा बाहर टंगा हुआ है," धर्मेंद्र म्हणाला. "चोर को और क्या चाहिए?"

"सातबाराही उघडाच असतो," शालीकरामजी म्हणाले. "पाहिल्यानं कोणाची जमीन जात नाही." मग त्यांना आपल्या नोकरीतलं काहीतरी आठवलं असावं. "म्हणजे, सहसा जात नाही."

बसवताना मुनीमने बरेच प्रश्न विचारले. निरोप वाचू का? उत्तरं देऊ का? सगळे नंबर पाहू का? आपल्या नावाने निरोप पाठवू का? मी सगळ्याला होय म्हटलं. इतक्या अदबीने विचारणाऱ्याला नाही म्हणणं मला जड जातं. घरी मला इतकं कोणी विचारत नाही.

आमची रुचिका पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला फोनवर मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"बाबा, सगळ्याला हो म्हटलं?"

"तो विचारून राहिला होता ना बेटा."

"परवानग्या कमी करा. आणि नवीन अपडेट येईल ते लगेच लावत जा. अशी टूल्स चांगली असतात, पण भोकं सापडत राहतात, आणि ती बुजवायचं काम आपल्यालाच करावं लागतं. तिथं कोणी पगारी माणूस बसलेला नाही."

मी "बरं" म्हणालो. हा बरं मी एरवी शाळा तपासणीला आलेल्या साहेबांसाठी राखून ठेवतो. त्याचा अर्थ, आपण जा, मग पाहू.

सुरुवातीचे दिवस सोन्याचे गेले. मुनीम तारखा टिपायचा आणि "आमंत्रणाबद्दल आभार, सर सहकुटुंब येतील" असं शुद्ध मराठीत कळवायचा. स्टाफरूममध्ये मी रोज त्याचा एक तरी किस्सा सांगत असे, आणि इतर शिक्षक ऐकत असत, कारण पंखा माझ्याच खुर्चीवर होता.

मग धर्मेंद्रने गल्लीच्या ग्रुपवर नेहमीसारखा एक संदेश टाकला. 'हा संदेश अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत शुभवार्ता येईल. साखळी तोडू नये.' असले संदेश आपण अंगठ्याने वर सरकवतो. मुनीमला अंगठा नाही. त्याने तो नीट वाचला, त्यात काम सांगितलं आहे असं त्याला दिसलं, आणि त्याने ते केलं. अकरा जणांत आमच्या मुख्याध्यापिका मंजू मॅडम होत्या आणि माझं पित्ताशय काढणारे डॉक्टर होते. मॅडमनी विचारलं, "हे काय सर?" त्यावर मुनीमने माझ्या नावाने उत्तर दिलं, "शुभवार्ता संध्याकाळपर्यंत येईल." दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करताना मॅडमनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी एरवी कॉपी करणाऱ्या पोरांकडे टाकतो.

"हेच ते भोक," रुचिका म्हणाली. "तुमचा हुकूम कोणता आणि बाहेरून आलेला मजकूर कोणता, हे त्याला वेगळं करता येत नाही. मजकुरात कोणी लिहिलं अमुक कर, तर तो करतो. जगभरातले लोक यावर डोकं फोडून राहिले आहेत."

"पण असं मुद्दाम माझ्याशी कोण करेल?"

"मुद्दामच करावं लागतं असं थोडंच आहे बाबा. बंद करा तो सध्या."

रविवारी सवडीने बंद करू, असं मी ठरवलं. शनिवारी भैयाजींची पत्रिका आली.

भैयाजी हे वच्छलाचे मोठे भाऊ. चिचगडला, जंगलाच्या कडेला, त्यांची धानाची शेती आहे. सासरे गेल्यापासून त्या घरातला माझा मान भैयाजींच्या हातात आहे, आणि तो त्यांनी कधी कमी पडू दिला नाही. मी गेलो की पाट मांडला जातो, पहिलं पान माझं. बोलणं कमी, पण जवाई म्हणताना आवाज एक पायरी खाली येतो. त्यांच्या आचलचं लग्न पुढच्या शुक्रवारी होतं. गाव आणि नातं धरून त्यांनी हिशेबाने स्वयंपाक सांगितला होता. सगळ्यांना घरोघरी बोलावून झालं होतं. मोबाईलवर पाठवलेली पत्रिका आपली रीतीपुरती.

त्या पत्रिकेच्या तळाशी, आप्तेष्टांच्या नावांखाली, बारीक अक्षरात एक ओळ होती. ती सगळ्याच पत्रिकांवर असते. 'नजरचुकीने कोणास पत्रिका मिळाली नसल्यास हीच पत्रिका समजून अगत्याने यावे.' आता ज्याला पत्रिका मिळालीच नाही, तो ही ओळ कुठे वाचणार, असा प्रश्न महाराष्ट्रात आजवर कोणाला पडला नव्हता. पिढ्यान्पिढ्या आपण ती छापतो, आणि पिढ्यान्पिढ्या ती कोणी वाचत नाही. मुनीम हा ती ओळ मनावर घेणारा पहिला. त्याने विचार केला, की नजरचुकीने कोणाकोणाला पत्रिका मिळालेली नाही. त्याने माझे सगळे नंबर पाहिले. कोणालाच मिळालेली नव्हती.

मी त्या वेळी आंघोळ करत होतो. बाहेर आलो तर मोबाईल टेबलावर थरथरत सरकत होता. "अभिनंदन सर, नक्की येतो." "सहपरिवार येतो सर." "वा सर, येणारच." तीस वर्षांतले विद्यार्थी, त्यांचे पालक, सोबतचे शिक्षक, गॅसवाला, रायपूरचा एक इसम ज्याने एकदा चुकून मला फोन लावला होता, सगळ्यांना चिचगडचं आमंत्रण गेलं होतं. खाली मुनीमने पदरचं एक वाक्य घातलं होतं, 'आपले नाव नजरचुकीने राहून गेले होते, क्षमा असावी, अवश्य यावे.' आणि मला त्याने स्वतंत्र अहवाल दिला होता, 'काम पूर्ण झाले. आता कोणीही राहिलेले नाही.'

हजाराच्या आसपास माणसं होती. भैयाजींचा स्वयंपाक त्याच्या अर्ध्याचाही नव्हता.

"मी सगळ्यांना कळवतो," मी वच्छलाला म्हणालो, "की चुकून गेलं, येऊ नका."

तिने हातातली परात खाली ठेवली. "नेवता देऊन परत घ्याल? माह्या भावाच्या दारचा? मंग चिचगडले कोणतं तोंड घेऊन जाल तुमी?"

"पण माणसं आली तर?"

"आली अन् उपाशी गेली तं माह्या भावाची मान जलमभर वर होणार नाई. तुमीच पाहा आता काय करता तं."

तिचे डोळे भरले होते. भैयाजींच्या दारातून माणूस न जेवता गेलेला मी कधी पाहिलेला नाही, आणि तो दिवस माझ्या हॉलमधल्या रुमालाखालून यावा, हे मला सहन होईना.

गल्लीचा सल्ला तोवर आलाच होता. धर्मेंद्र म्हणाला, "सर, एक और मैसेज डाल दो, शादी कैंसल." त्याला वच्छलाने चहा दिला नाही. शालीकरामजींनी शुद्धिपत्रक सुचवलं. त्यांनी विषयही सांगितला, 'नजरचुकीने पाठविलेल्या नजरचुकीबाबत'. मी मात्र ठरवलं, की आधी भोक बुजवायचं; सगळ्या तारखा मुनीमकडेच असल्यामुळे तो बंद करून चालणार नव्हतं. नाहीतर शुक्रवारपर्यंत मुनीम आणखी कोणाची तरी पत्रिका मनावर घेईल.

या फुकटच्या टूलांची एक रीत असते. भोक सापडलं तर त्यांच्या पानावर तक्रार नोंदवायची. तिथे रकाने असतात. कोणती आवृत्ती, काय झालं, आणि तेच पुन्हा घडवून आणायचं असेल तर पायऱ्या कोणत्या. मी प्रामाणिकपणे लिहिलं. पायरी पहिली, मुलीचं लग्न ठरवावं. पायरी दुसरी, पत्रिका छापावी. गांभीर्य सौम्य, मध्यम की अतिगंभीर, यावर मी अडलो. मागून वच्छला म्हणाली, "अतिगंभीर लिहा. मुलीकडचे हाव आपण."

थोड्या वेळात उत्तर आलं, की अशाच प्रकारची तक्रार पूर्वी आलेली असल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. ते यंत्राचं उत्तर होतं. शालीकरामजींनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा," ते म्हणाले, "आता मला या लोकांवर विश्वास बसला. अपील करा."

अपील केलं. या वेळी खरा माणूस उत्तरला. पोर्तुगालमधला एक गृहस्थ होता, दिवसा कुठल्याशा कंपनीत नोकरी आणि उरलेल्या वेळात जगाची भोकं बुजवणारा. म्हणजे आमच्या गणेश मंडळाच्या सचिवासारखाच, बिनपगारी आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा. त्याने फार सौजन्याने विचारलं, की ज्याला पत्रिका मिळाली नाही त्याला पत्रिकेतून कळवण्यामागे आपल्या समाजाचा उद्देश काय. मी दोन परिच्छेद लिहिले आणि खोडले. शेवटी 'प्रथा' एवढंच लिहिलं. त्याला ते पटलं. तो म्हणाला, त्यांच्या गावातही असं बरंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने नवी आवृत्ती पाठवली. आता मुनीमकडे दोन याद्या होत्या, विश्वासू आणि अविश्वासू. विश्वासू माणसाने सांगितलेलं काम तो करणार, अविश्वासू माणसाचं फक्त वाचणार. बाहेरून येणारं सगळं अविश्वासूत टाका, अपवाद केला की तिथूनच भोक पडतं, असं त्या गृहस्थाने बजावलं होतं. नियम म्हणजे नियम. मी परीक्षेत सख्ख्या पुतण्यालाही एक मिनिट जास्त दिलेलं नाही. मी सगळेच्या सगळे नंबर अविश्वासूत टाकले, विश्वासूत एकटा मी राहिलो, आणि त्या रात्री शांत झोपलो.

सकाळी भैयाजींचा निरोप आला होता. 'जवाई, बुधवारीच या. वच्छीले घेऊन या. बुंदीवाल्याले फोन करजा.' आणि त्याखाली मुनीमचं उत्तर होतं, माझ्या नावाने. 'आपण अविश्वासू यादीत असल्यामुळे आपल्या सूचनांचे पालन करता येत नाही. कळावे, लोभ असावा.'

मी ते वाचत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून वच्छला आली. तिच्या हातात तिचा मोबाईल होता. तिने मला आंबे आणायला सांगितलं होतं.

पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगतो, की 'लोभ असावा' हे दोन शब्द तिने वेगवेगळ्या सुरांत तीनदा म्हणून दाखवले आणि प्रत्येक वेळी त्यांचा अर्थ आणखी वाईट निघाला. भैयाजींना मी लागोपाठ फोन लावले. त्यांनी एकही उचलला नाही.

आता स्वतः जाण्यावाचून इलाज नव्हता. धर्मेंद्रने आपली गाडी काढली. चहासाठी कोहमाऱ्याला एका ढाब्यावर थांबलो, तर गल्ल्यावरचा माणूस उठून पाया पडला. तो माझा जुना विद्यार्थी कैलाश होता. "सर, आचलताईच्या लग्नाले ना? आमालेबी आलं तुमचं. सगळा ढाबा घेऊन येतो." मागे स्वयंपाक्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी माना हलवल्या. मी चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसलो.

चिचगडला मंडपाचे बांबू रोवले जात होते. भैयाजी सरपणाच्या ढिगाशी उभे होते. मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, पत्रिकेची ओळ, मुनीम, पोर्तुगाल.

"किती लोक?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हजाराच्या घरात होय म्हणाले."

त्यांनी मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग आचाऱ्याला हाक मारून म्हणाले, "भाताचे गंज वाढवा. तांदूळ घरचा हाय, लागन तेवढा घ्या. आले तं जेवतीन."

"आणि भैयाजी, ते यादीचं... ते मशीन आहे, त्याला कळत नाही."

"मशिनीले मी काय इचारू. त्यात नाव कोणं टाकलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली आणि ते गोठ्याकडे निघून गेले. दुपारी जेवायला मला बांबू रोवणाऱ्यांच्या पंगतीत बसवलं. पाट नव्हता. जवाई म्हणून त्या घरात इतकी वर्षं गेली, पण मंडपवाल्याने माझ्या खांद्यावर हात टाकून "वाढ रे याले" म्हणावं, असा प्रसंग आला नव्हता. वरण फार चांगलं झालं होतं, आणि त्या अवस्थेतही मी दोनदा घेतलं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

लग्नाच्या दिवशी वच्छलाला घेऊन धर्मेंद्रच्याच गाडीने पहाटे पोचलो, आणि सकाळपासून मी मंडपाच्या तोंडाशी पाण्याच्या टाकीजवळ उभा होतो, देवरीकडून येणाऱ्या रस्त्यावर डोळे लावून. मागे चुलींवरच्या मोठाल्या गंजांतून भाताच्या वाफा निघत होत्या, बुंदीच्या पराती भरल्या होत्या. गावातली माणसं आली, नात्यातली आली, दुपारी लग्न लागलं आणि वऱ्हाड जेवलं. रस्ता रिकामाच राहिला. एक ट्रॅक्टर आला आणि तो सरळ पुढे गेला. हजारातलं एकही माणूस आलं नाही. कैलाश नाही, त्याचा ढाबा नाही, रायपूरचा तर नाहीच.

मी सावलीत जाऊन मंजू मॅडमना फोन लावला.

"सर, मोबाईलवर तर रोज चार आमंत्रणं येतात," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचं कोणी पिवळे तांदूळ घेऊन आलं होतं का घरी? नाही ना?"

"पण आपण 'नक्की येतो' म्हणालात."

"ते म्हणजे वाचलं, असं."

कैलाशला लावला, तर त्यालाच माझं आश्चर्य वाटलं. "सर, हातावर तांदूळ पडल्याबिगर कोणी कसा येईन? आपल्या इकडं असं असते का? तुमाले तं मालूम हाय."

मला माहीत होतं. जन्मापासून माहीत होतं. हळदीत घोळलेले तांदूळ हातावर ठेवून घरच्या माणसाने तोंडाने म्हटलं, की या, तर ते बोलावणं. बाकीचं सगळं छापलेलं. मुनीमच्या मजकुराला जिल्ह्यातलं एकही माणूस फसलं नव्हतं. फसलेला मी एकटा, आणि माझ्या नादाने भैयाजी. पोर्तुगालच्या गृहस्थाला मी नंतर हे सविस्तर लिहिलं. त्याने विचारलं, हा पिवळा तांदूळ कुठे मिळतो.

पण त्या क्षणी मंडपात हजार माणसांचं अन्न होतं आणि जेवायला कोणी नव्हतं. मुलीकडच्या दारात इतकं अन्न उरलं, की वऱ्हाडी घरी जाऊन एकच गोष्ट सांगतात, यांच्याकडे कोणी आलं नाही. व्याही दोनदा गंजांवरून नजर फिरवून गेले होते. आचल मुंडावळ्या सावरत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आतोबा, बाबा जेवले नाई अजून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मुलीच्या लग्नात तिच्या बापाला मी खाली पाहायला लावलं होतं.

भैयाजी घरातून आले. त्यांच्या हातात पितळी ताट होतं आणि ताटात पिवळे तांदूळ.

"हात पुढं करा," ते म्हणाले.

मी रुमाल पसरला. त्यांनी ओंजळीओंजळीने तो भरला.

"पाड्यावर जा. पलीकडच्या टोल्यांवरबी जा. हिमांशू वऱ्हाडात गुतला." हिमांशू त्यांचा मुलगा. "अन् बोलवाले तं घरच्याच माणसानं जा लागते."

ते वळून गेले. रुमाल मी छातीशी धरला आणि धर्मेंद्रला म्हणालो, गाडी काढ.

जंगलाच्या कडेच्या त्या वस्त्यांवर तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता. सकाळी तोडलेली पानं सावलीत बसून बायका-माणसं पुडके बांधत होती. मी उतरलो, आणि तीस वर्षं वर्गात न अडखळलेला माणूस पहिल्याच घरापुढे अडखळलो. एका म्हातारीने पानावरचा हात न थांबवता विचारलं, "कोणाचा नेवता?"

"भैयाजींचा. चिचगडचे. मुलीचं लग्न आहे, जेवायला या."

"तू त्याचा कोण?"

"जवाई."

तिने हात लुगड्याला पुसला, पुढे केला, मी ठेवलेले तांदूळ कपाळाला लावले, पदराच्या टोकाला बांधले, आणि मग घरांच्या दिशेने तोंड करून गोंडीत अशी आरोळी दिली, की पलीकडच्या वस्तीवरची कुत्रीही उठली. तिने आणखी काही विचारलं नाही. मी कुठून आलो, लग्न आजच असून आत्ता का सांगतोय, काही नाही. एका शब्दावर सगळी वस्ती उठून कपडे बदलायला गेली.

"सर," गाडीत बसताना धर्मेंद्र म्हणाला, "यहां तो ओटीपी भी नहीं मांगा."

"मागितला ना," मी म्हणालो. "जवाई सांगितलं तोच."

रुमाल रिकामा होईपर्यंत आम्ही फिरलो. एका ठिकाणी चहा झाला, एका ठिकाणी चारोळ्या हातावर आल्या, एका ठिकाणी एका म्हाताऱ्याने मला पाहून, भैयाजीची बहीण तुलेच दिली का, असं विचारलं आणि उत्तर ऐकून बराच वेळ विचारात पडला. परत आलो तेव्हा उन्हं कलली होती आणि आमच्या आधीच माणसं पोचली होती. पायवाटेने, सायकलींनी, ट्रॅक्टरवर बसून, पोरं कडेवर, म्हातारे काठी टेकत. मंडपात बसायला जागा पुरेना म्हणून अंगणात, मग रस्त्यावर पंगती बसल्या. आचारी ओरडत होता, वाढपी धावत होते. वच्छला कमरेला पदर खोचून बुंदी वाढत होती, आणि मला पाहून तिने नुसतं, "हात धुवा अन् मठ्ठा घ्या हातात," असं म्हटलं. त्यात रागाचं काही नव्हतं, कामाचं होतं. मी मठ्ठा वाढला. व्याही एका खांबाला टेकून पंगती मोजायचा प्रयत्न करत होते आणि मग त्यांनी तो नाद सोडला. चिचगडला असं लग्न पाहिलं नाही, असं त्यांनी आपल्या भावाला सांगितलं, तेही भैयाजींना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

गंज रिकामे झाले. शेवटच्या पंगतीत आम्ही घरचे उरलो. भैयाजी माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी पहिल्यांदा भाताला हात लावला. दोन घास झाल्यावर, पानाकडे बघतच, म्हणाले, "त्या मशिनीत माह्यं नाव अजून तिथंच हाय?"

"परत गेल्याबरोबर काढतो भैयाजी. विश्वासूत सगळ्यात वर टाकतो. तुमचं आणि वच्छलाचं."

"वच्छीचं टाका, नाईतं जेवाले भेटणार नाई." त्यांनी वरण कालवलं. "माह्यं राहू द्या तिथंच."

"भैयाजी, अजून राग..."

"राग नाई. फोनवरून उद्या कोणीबी भैयाजी होऊन बोलन. तुमी भोळे. आयकान अन् फसान." ते थांबले, मग आवाज एक पायरी खाली आणून म्हणाले, "मले काही सांगाचं असन तं मी घरी येईन जवाई. आलो तं दार उघडजा, म्हंजे झालं."

त्यांनी परातीतली उरलेली बुंदी ओंजळीत घेतली आणि मला न विचारता माझ्या पानात वाढली.